सव्वाआठनंतरचा सिनेमा

२ मार्च, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. पंपहाऊसच्या लॉगबुकात एकतीस वर्षं लिहिलं, तसंच इथे लिहायचं. तारीख, वेळ, काय चालू, काय बंद. भावना वगैरे नाही. ही गेली त्याला पाच महिने झाले. मी सावरलो आहे. हिच्या बहिणीला, धाकटीला, तसं वाटत नाही. पण धाकटी शिवणकाम करते, तिला सगळीकडे उसवलेलंच दिसतं.

आज संध्याकाळी चित्रपट मंडळात जाणार. ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत बसणार. पाणी शुद्धीकरण केंद्रात मी रात्रपाळीचा ऑपरेटर, ड्यूटी नऊला. मंडळाचा खेळ एक शनिवार आड, साडेसहाला. सव्वाआठ वाजले की मी डबा उचलून निघायचो. ही बसायची, तिच्या पलीकडे धाकटी. सकाळी सातला घरी यायचो तेव्हा चहा तयार असायचा आणि चित्रपटाचा शेवटही. ही सांगायची, आणि असं सांगायची की पाहिल्यासारखंच. त्यामुळे आठशेच्या आसपास चित्रपट मी पूर्ण पाहिलेत असं म्हणायला हरकत नाही.

दिवसपाळी एकतीस वर्षं मागत होतो. मिळाली नाही. ही गेल्यावर साहेबांनी न मागता दिली.

माझं ठाम मत: जागतिक सिनेमा मुळात आशावादी आहे. लोक उगाच त्याला रडका म्हणतात. लोक मधूनच उठतात, म्हणून.

३ मार्च, रविवार. सकाळी ८.००

काल शेवटपर्यंत बसलो. घोटाळा आहे.

मंडळाकडे नव्यासाठी पैसे नाहीत म्हणून यंदा जुन्यांचाच फेरखेळ चाललाय. काल पियानोवाला लागला. काळा-पांढरा, अभिजात. गावोगाव फिरून पियानो जुळवणारा एक माणूस हळूहळू बहिरा होत जातो. मी हा बावीस वर्षांपूर्वी पाहिला होता. शेवट पाठ आहे. एक म्हातारा डॉक्टर त्याच्या कानात चिमटा घालतो, मळ काढतो, बोटभर, आणि त्याला पहिल्यांदा ऐकू येतं ते कोंबड्याचं आरवणं. हिने सांगितलं तेव्हा मी डोळे पुसले होते.

काल डॉक्टर आलाच नाही. तो माणूस तारा नसलेल्या पियानोपुढे बसला आणि वाजवत राहिला. आवाज नाही. पाच मिनिटं. मग दिवे लागले.

नंतर चर्चा. सर म्हणाले की हा शेवट म्हणजे शांततेचा नकाशा आहे. सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सहा वर्षांपूर्वी मंडळात आले. पहिल्या रांगेत बसतात, मान कधी मागे वळवत नाहीत. मी सहसा बोलत नाही, पण चुकीचं रीडिंग दिसलं की ऑपरेटरला गप्प बसता येत नाही. उभा राहिलो. म्हटलं, ही प्रिंट अपुरी आहे, मूळ चित्रपटात मळ निघतो. सर म्हणाले, मळ? म्हटलं, हो, कानातला. कोणीतरी खुसखुसलं. सर म्हणाले, कुठे पाहिलात हा मळ? म्हटलं, मी नाही, बायकोने पाहिला. याच हॉलमध्ये, याच खुर्चीत.

मग कोणी हसलं नाही. मंडळाचे चिटणीस दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, असू शकतं, असू शकतं, प्रिंटा वेगवेगळ्या असतात हो.

बरोबर. प्रिंटा वेगवेगळ्या असतात. हे मला सुचायला हवं होतं. धाकटी हे सगळं होईपर्यंत खुर्चीखाली वाकून पिशवी शोधत होती. पिशवी तिच्या मांडीवर होती.

५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

डॉक्टरांचा फोन. तीस तारखेचा खेळ हिच्या आठवणीत करायचं ठरलंय. चित्रपट मी निवडायचा, चित्रपट संपल्यावर दहा मिनिटं मी बोलायचं, आणि मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाला हिचं नाव द्यायचं. पितळी पाटी. पाटीवर काय हवं, असं विचारलं. मी लगेच सांगितलं: "जिने एकही चित्रपट अर्धवट सोडला नाही." पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. रेंज गेली असावी.

नंतर म्हणाले, एक अडचण आहे, सरांनी समितीला पत्र दिलंय. बाई प्रेमळ होत्या, त्याबद्दल दुमत नाही, पण कपाट सिनेमाच्या पुस्तकांचं आहे, तेव्हा नाव सिनेमा कळणाऱ्या माणसाचं असावं. "कानातल्या मळाचा प्रसंग बोलका आहे" असंही लिहिलंय. समितीचा निर्णय तीस तारखेला, माझं भाषण झाल्यावर. सर त्या वेळी जाहीर प्रश्न विचारणार आहेत.

विचारू देत. हिला सिनेमा कळत नव्हता? जी बाई सकाळी सात वाजता कणीक मळता मळता मला शेवटामागून शेवट उलगडून सांगायची, तिला?

मी शांत आहे. ब्रेड जळला.

८ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.४५

निवड झाली. होडीवाला. एका मोठ्या नदीवर होडी चालवणारा माणूस, त्याचा भाऊ भांडून पलीकडच्या तीरावर निघून गेलेला. रोज शेवटची फेरी रिकामी असली तरी तो ती मारतो. मी सव्वाआठला निघालो तेव्हा नदीवर धुकं होतं. दुसऱ्या दिवशी ही जितका वेळ बोलली तितकी कधीच बोलली नव्हती. शेवट असा: धुक्यातून भाऊ येतो, सोबत बायको, तीन मुलं, एक शिवणयंत्र. होडीवाला त्याला आधी रांगेत उभा राहा म्हणतो. रांगेत दुसरं कोणीच नसतं. मग मिठी.

हा हिचा सर्वांत आवडता चित्रपट. तिने तसं कधी म्हटलं नाही, पण मला माहीत आहे.

काल रात्री आठवतील तेवढे शेवट कागदावर उतरवले. बेचाळीस आठवले. सगळे चांगले. त्यातल्या अकरांमध्ये शेवटी माणसं हॉटेल काढतात. हे आजवर कुठल्या समीक्षकाच्या लक्षात आलेलं नाही. पाच वेगवेगळ्या देशांचे दिग्दर्शक, एकमेकांची भाषा येत नाही, आणि अकरा वेळा हॉटेल. भाषणात घेणार: जागतिक सिनेमात हॉटेल हे नव्या जन्माचं चिन्ह आहे.

१० मार्च, रविवार. सकाळी ११.००

पुरावा गोळा करायला मंडळाच्या कपाटातून डोंगराच्या चित्रपटाची डीव्हीडी आणली होती. एक चोर, एक पोलीस, दोघे बर्फाच्या वादळात एका झोपडीत अडकतात. शेवट: दोघे मिळून तिथेच हॉटेल काढतात. पोलीस हिशेबाला, चोर स्वयंपाकाला.

काल संध्याकाळी लावला. सव्वाआठला पाय आपोआप उठले. चपला घालून दारापर्यंत गेलो होतो. परत येऊन बसवेना. उरलेला आज सकाळी उजेडात पाहिला.

पोलीस गोठून मरतो. चोर त्याचा कोट घालून निघून जातो. हॉटेल नाही. साधी चहाची टपरीसुद्धा नाही.

दुपारी २.३०. दुसरी प्रिंट. उघड आहे. बाहेरच्या देशांसाठी एक शेवट करतात, स्वतःच्या लोकांसाठी वेगळा. आपल्याला त्या काळात चांगल्या प्रिंटा मिळत, आता डीव्हीडीवर हलक्या येतात. सगळ्याच मालाचं तेच झालंय. त्या देशाच्या वकिलातीला ईमेल लिहिली. डिक्शनरी घेऊन, दोन तास. मूळ शेवटाची प्रत कुठे मिळेल, असं विचारलंय.

१२ मार्च, मंगळवार. रात्री ८.००

वकिलातीचं उत्तर आलं. व्हिसासाठी फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा.

१७ मार्च, रविवार. सकाळी ७.३०

काल मंडळात गेलो. न जाणं म्हणजे हार मानणं. जिन्यात सर भेटले. म्हणाले, काय मग, आज कोण हॉटेल काढणार? म्हणजे कोणीतरी बोललंय. शेवटांची यादी मी फक्त डॉक्टरांना दिली होती आणि हॉटेलचा मुद्दाही त्यांनाच सांगितला होता, माझ्या दाढेला भूल दिलेली असताना, त्यामुळे त्यांना तो नीट कळला असेल असं वाटलं नव्हतं.

जिना चढून झाल्यावर एक चांगलं उत्तर सुचलं, पण तोवर सर पहिल्या रांगेत होते.

चित्रपट अलीकडचा होता, कोणीतरी फुकट दिलेला. अलीकडच्या सिनेमाबद्दल माझं मत: कॅमेरामनला बसायला खुर्ची द्यावी. सगळं हलतं. नायिका एक तास भांडी घासते आणि आपण ते तिच्या पाठीमागून बघतो. जुन्या चित्रपटांत माणसं खिडकीशी उभं राहून विचार करत, आता मोबाइलकडे बघून करतात, आणि मोबाइलमध्ये काय आहे ते आपल्याला दाखवत नाहीत. शेवटी ती दार उघडून बाहेर जाते. कुठे जाते, ते नाही. ही असती तर सकाळी सांगितलं असतं कुठे गेली ते.

दिवे लागल्यावर सर माझ्या खुर्चीपाशी आले. आवाज खाली होता. म्हणाले, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे, मी वाईट माणूस नाही. पण तुमच्या यादीतले चार चित्रपट मी परत पाहिले, एकाचाही शेवट जुळत नाही. बाईंनी तुम्हाला काय सांगितलं ते मला तीसला विचारावं लागेल. तुम्हीच नाव मागे घ्या ना, त्यांचं हसं कशाला करायचं?

हसं. हिचं.

म्हटलं, सर, तीसला भेटू. माझा आवाज स्थिर होता. डबा मात्र हॉलमध्ये विसरलो, परत जाऊन आणला. आता डबा न्यायचं काही कारणच नाही, तरी नेतो.

१९ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.००

कामावर किरकोळ घटना. सकाळी ९.१० ला दोन नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायचा होता, तीन नंबरचा झाला. अर्ध्या वस्तीचं पाणी चाळीस मिनिटं गेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. लॉगबुकात लिहिलं: व्हॉल्व्ह जुना आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, झापतील. ते म्हणाले, रजा घ्या थोडी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी सरांचा विचार करत नव्हतो. फक्त शेवट जुळवत होतो.

२१ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७.१५

धाकटीकडे गेलो. साक्षीदार तीच आहे. एकतीस वर्षं हिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली. म्हटलं, तीसला तू फक्त उभी राहा आणि सांग, की मी ताईबरोबर होते आणि ताई म्हणते तेच शेवट होते.

तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, भाऊजी, सोडा ना आता ते. म्हटलं, सोडा कसं, तुझ्या बहिणीला लोक अडाणी ठरवतायत. मशीन जोरात चालायला लागलं. म्हणाली, मला नाही हो आठवत जुनं. म्हटलं, होडीवाला आठवतो? तिचा हात थांबला. म्हणाली, ताईने तुम्हाला काय सांगितलं होतं त्याचं? मी सगळं सांगितलं. धुकं, बायको, तीन मुलं, शिवणयंत्र, रांग. ती तोंडाला पदर लावून आत गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा डोळे लाल होते.

दुःख आहे. तिला साक्षीला उभं करणं बरं नाही. माणसाने दुसऱ्याच्या मनाचाही विचार करावा.

शर्टाची बाही तिने परत शिवायला घेतली. मघाशी उलटी शिवली होती.

२५ मार्च, सोमवार. सकाळी ६.२०

भाषण लिहून झालं. दहा मिनिटांचं, चौदा पानं. मधला भाग चांगला उतरलाय: "माझी पत्नी अंधारात शेवटपर्यंत बसणारी रसिक होती. पडद्यावर शेवटचं अक्षर येऊन जाईपर्यंत तिने खुर्ची सोडली नाही. मी ड्यूटीवर पंप राखत असे आणि ती माझ्यासाठी शेवट राखत असे." हे वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागला. हवा बदलतेय.

काल डॉक्टर होडीवाल्याची डीव्हीडी घरी देऊन गेले. म्हणाले, एकदा पाहून घ्या आधी. म्हटलं, गरज नाही, शेवट मला माहीत आहे. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, तरी बघा, घाई नाही. दातांच्या डॉक्टरांचा आवाज असा असतो की वाटतं, आता दुखणार.

२६ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.००

डीव्हीडी टेबलावर आहे. पाहायची नाही असं ठरवलेलं नाही. आज वेळ नव्हता, इतकंच. नळाचा वॉशर बदलला, मग दुसऱ्या नळाचाही बदलला. तो गळत नव्हता.

२८ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७.००

डीव्हीडीवर वर्तमानपत्र ठेवलंय. धूळ बसू नये म्हणून.

तत्त्वाचा प्रश्न आहे. आधी पाहिला तर माझं मत ताजं राहणार नाही. मोठे समीक्षक दुसऱ्यांदा पाहत नाहीत. आणि समजा प्रिंट हलकी निघाली, भाऊ आलाच नाही, तर मग... हे वाक्य नंतर पूर्ण करीन.

२९ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७.००

डीव्हीडी डॉक्टरांच्या दवाखान्यात परत दिली. कंपाउंडर म्हणाला, पाहिली का? मी मान हलवली. कोणत्या बाजूने हलवली ते त्याने बघितलं नसावं.

३० मार्च, शनिवार. दुपारी ४.००

इस्त्रीचा शर्ट. चौदा पानं, आकडे घातलेली. चष्मा. खिशात रुमाल दोन, पैकी एक धाकटीसाठी. ठरलंय: शेवटपर्यंत बसायचं. सरांनी काय विचारायचं ते विचारावं. हिच्यासाठी एवढं तर करूच शकतो.

डबा घेतलेला नाही. (घेतला होता, परत ठेवला.)

३१ मार्च, रविवार. सकाळी ६.००

क्रमाने लिहितो.

साडेसहाला हॉल भरलेला. पितळी पाटी कपडा घालून कपाटावर टेकवून ठेवलेली. सर पहिल्या रांगेत, मांडीवर वही. मी माझ्या खुर्चीत, शेजारी हिची रिकामी, पलीकडे धाकटी. होडीवाला सुरू. चित्रपट चांगला आहे. नदी फार संथ घेतली आहे आणि होडीवाल्याचा चेहरा फार बोलत नाही. मला आवडतं तसं.

सव्वाआठ. पडद्यावर धुकं. पाय हलले, ते मी दाबून धरले. तेवढ्यात धाकटी उठली. रिकाम्या खुर्चीवरून वाकून तिने माझ्या बाहीला धरलं आणि हळूच म्हणाली, चला भाऊजी. म्हटलं, बरं वाटत नाही का? म्हणाली, चला तर.

वाटलं, चक्कर आली. बाहेर नेलं. ती हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, तिसऱ्या पायरीवर, भिंतीला टेकून. म्हणाली, बसा. इथे ताई बसायची.

म्हटलं, कधी? म्हणाली, तुम्ही गेलात की पाच मिनिटांनी. दरवेळी.

मी उभाच होतो. आत चित्रपट चालू होता, तेवढं डोक्यात होतं. आत जायला हवं, शेवट चुकतोय.

ती म्हणाली, पहिल्यांदा ताईचं डोकं दुखत होतं म्हणून आलो बाहेर. सकाळी तुम्ही आलात, डोळे लाल, पिशवी खांद्यावर तशीच, आणि पहिलं वाक्य काय, तर कालच्या सिनेमाचं शेवटी काय झालं? आता माहीत नाही म्हणून कसं सांगणार? तिने ठोकून दिलं. तुम्ही इतके खूश झालात की पुढच्या वेळेपासून आम्ही इथे बसूनच ठरवून ठेवायला लागलो. मग म्हणाली, पियानोवाल्याचा मळ माझा हं. मळ मला सुचला होता.

म्हटलं, म्हणजे तिला सिनेमा आवडायचाच नाही? म्हणाली, आवडायचा की. तुम्ही बसलेले असेपर्यंत आवडायचा. तुम्ही उठलात की म्हणायची, चल गं, आत काय ठेवलंय आता.

मी खालच्या पायरीवर बसलो.

विचारलं, आणि हॉटेलं? धाकटी म्हणाली, हॉटेल ताईचं. आम्हा दोघींना खानावळ काढायची होती. तुमच्या पुढच्या खोलीत. तुम्हाला तिने एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, घरात भांड्यांचा आवाज नको. मग तिने परत काढलं नाही. तिकडेच काढायची, सिनेमात.

मी तसं म्हणालो होतो. आठवतं. वर्ष आठवत नाही.

धाकटी सांगत होती, होडीवाल्याला सर्वांत जास्त वेळ लागला. मी म्हणत होते, भाऊ एकटाच येऊ दे. ताई म्हणाली, एकटा नको, यांना एकट्या माणसाचा शेवट सांगितला तर दिवसभर झोपणार नाहीत. बायको आण, मुलं आण. मी म्हटलं, मग माझं शिवणयंत्रही घे होडीत. इतक्या हसलो आम्ही की...

ती सांगताना पुन्हा हसत होती, आणि रडतही होती. आतून चित्रपटाचा आवाज येत होता. पाणी, वल्ही. मग काहीच नाही. मग दिवे लागल्याचं दाराच्या फटीतून दिसलं. होडीवाल्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

डॉक्टर बाहेर आले. आम्हा दोघांना पायऱ्यांवर बघून थांबले. म्हणाले, या, तुमची वेळ झाली.

मंचावर गेलो. चौदा पानं हातात. मधला भाग आला: अंधारात शेवटपर्यंत बसणारी रसिक. तिथे थांबलो. शेवटच्या रांगेत धाकटीने रुमाल तोंडात धरला होता. पहिल्या रांगेत सरांनी पेन उघडलं.

खरं सांगितलं असतं तर पाटी गेली असती, आणि हिचं हसं झालं असतं. मी वाचलं. मोठ्याने. नुसतं वाचलं नाही, पदरचं घातलं. म्हटलं, ती एकदाही उठली नाही. आजारी असतानाही उठली नाही. एकदा वीज गेली तेव्हा सगळे उठले, ती बसली होती. म्हटलं, पडद्यावरचं शेवटचं अक्षर ती वाचायची, ज्या भाषा येत नाहीत त्यासुद्धा. सरांनी हात वर केला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, होडीवाल्याचं शेवटी काय होतं. म्हणून मी बोलत राहिलो. मी इतकं कधी बोललो नव्हतो, घरीसुद्धा नाही. म्हटलं, मी हे खात्रीने सांगतो, कारण प्रत्येक वेळी मी तिच्या शेजारी बसलेला होतो.

सर उठून उभे राहिले. म्हणाले, पण तुम्ही तर ड्यूटीला...

तेवढ्यात डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेने. मग सगळ्या हॉलने. कितीतरी वेळ. काही लोक उभे राहिले. सरांचं वाक्य त्यात बुडालं. ते बसले आणि त्यांनी पेन बंद केलं.

पाटी मंजूर झाली. माझं खोटं पचलं. हॉलभर माणसांना मी एकट्याने फसवलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. हिचं गुपित आता फक्त धाकटीला आणि मला माहीत आहे. मरेपर्यंत कोणाला कळू देणार नाही.

६ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ७.३०

पाटी लावायला गेलो होतो. हॉलमध्ये डॉक्टर एकटेच. मी स्क्रू पिळले, त्यांनी पाटी धरली. "जिने एकही चित्रपट अर्धवट सोडला नाही." तिरकी लागली नाही. काम झाल्यावर ते म्हणाले, कपाटात जुनी इतिवृत्तं आहेत, एक दाखवतो. चौदा वर्षांपूर्वीची वही. पान उघडून दिलं.

ठराव क्रमांक सहा. चित्रपट चालू असताना बाहेर पायऱ्यांवर बसून मोठ्याने हसणाऱ्या दोन महिला सभासदांना समज द्यावी किंवा दार लावून घ्यावं. चर्चा झाली. ठराव नामंजूर. कारण: गेल्या तीन खेळांचे चित्रपट फारच जड होते, बाहेरच्या हसण्याने सभासदांना बरं वाटलं. दार उघडंच ठेवावं.

खाली सह्या. मोजल्या नाहीत, पण पान भरलं होतं.

म्हटलं, म्हणजे सगळ्यांना...? डॉक्टर म्हणाले, सर सोडून सगळ्यांना. ते नवीन आहेत. पुढे म्हणाले, रखवालदाराने तर बायकांसाठी पायरीवर सतरंजी ठेवली होती, पुढे पुढे.

मी पाटीकडे बघत होतो. म्हटलं, मग त्या दिवशी एवढ्या टाळ्या कशाला वाजवल्यात?

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, अहो, पन्नास मिनिटं झाली होती. तुम्ही थांबतच नव्हतात.